क्षयरुग्णाच्या पोटातले जंत कोणत्या खात्याचे? आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्याच्या क्षयरोग विभागाचे आणि जंतनाशक मोहिमेचे सर्व संबंधित अधिकारी

विषय : क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची मल तपासणी करून जंतांवर उपचार करण्याबाबत

महोदय,

ग्रामीण भागातल्या सरकारी दवाखान्यांत प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून माझी सगळी नोकरी गेली. सेवेत असताना असं पत्र जाहीरपणे लिहिता येत नाही, नियम आडवे येतात. आता पेन्शन सुरू झाली आहे. त्यामुळे जे वर्षानुवर्षं तोंडी सांगत आले आणि "बघू, मॅडम" एवढंच उत्तर ऐकत आले, ते लेखी आणि सगळ्यांसमोर मांडते आहे.

क्षयाचं निदान झालं की आपण त्या माणसाची एचआयव्हीची तपासणी करतो, साखर बघतो, वजन-उंची घेतो, बँक पासबुकाची झेरॉक्स घेतो. त्याच्या पोटात जंत आहेत का, हे कोणीच विचारत नाही. जंत म्हणजे फक्त पोटदुखी आणि रात्री दात खाणारी मुलं, अशी आपली समजूत आहे. पण ज्या प्रतिकारशक्तीच्या जोरावर शरीर क्षयाच्या जीवाणूला अडवून धरतं, तिच्यातच जंत ढवळाढवळ करतात, हे संशोधक गेली तीस वर्षं दाखवत आहेत.

हे पत्र डॉक्टर नसलेलेही वाचतील, म्हणून थोडं सविस्तर सांगते. क्षयाचा जीवाणू फुप्फुसात शिरला की भक्षक पेशी त्याला गिळतात. गिळला म्हणजे मेला असं नाही. तो त्या पेशीतच बिऱ्हाड करतो. त्याला आतल्या आत मारायचं तर त्या पेशीला टी पेशी या रक्तातल्या प्रतिकारक पेशींकडून इशारा मिळावा लागतो, आणि तो इशारा म्हणजे मुख्यतः इंटरफेरॉन-गॅमा नावाचं प्रथिन. या प्रतिसादाला टीएच-१ म्हणतात. आपल्याकडे कोट्यवधी लोकांच्या अंगात क्षयाचा जीवाणू सुप्त आहे आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, ते याच बंदोबस्तामुळे.

जंताचं प्रकरण वेगळं आहे. तो एखाद्या पेशीने गिळावा एवढा लहान नाही. गोल जंताची मादी वीतभर किंवा त्याहून लांब असते आणि दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. तिच्याविरुद्ध शरीर दुसरीच फळी उभी करतं. इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ ही इशारा देणारी प्रथिनं, आयजीई ही प्रतिपिंडं, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी, असा तो सगळा लवाजमा. ही टीएच-२. या दोन फळ्या एकमेकींना दाबतात. पाटाचं पाणी एका वाफ्यात वळवलं की दुसरा सुकतो, तसंच हे. शिवाय जंताला वर्षानुवर्षं आत राहायचं असतं, म्हणून तो शरीराच्या नियामक टी पेशींना हाताशी धरतो. त्यातून इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा वाढतात आणि एकूण प्रतिकारच मवाळ होतो. मग भक्षक पेशी जीवाणू मारायचं सोडून जखमा भरण्याच्या कामाला लागतात आणि त्यांच्या आतला क्षयाचा जीवाणू निवांत राहतो.

गोल जंत, हूकवर्म (आतड्याला चिकटून रक्त पिणारा जंत) आणि स्ट्राँगिलॉइडिस (मातीतून पायावाटे शिरणारा बारीक जंत) या तिघांच्या अळ्या आतड्यात स्थिरावण्याआधी फुप्फुसातून जातात, हेही लक्षात घ्या. हा पोटाचा आजार, तो छातीचा, अशी वाटणी आपण कागदावर केलेली आहे.

याला पुरावा काय, असं तुमच्या बैठकीत कोणीतरी विचारणारच. १९९० च्या दशकात इथिओपियातून इस्रायलला आलेल्या लोकांची रक्तं तपासताना झ्वी बेंटविच यांना त्यांची प्रतिकारशक्ती सतत चेतवलेली आणि टीएच-२ कडे झुकलेली दिसली. त्याचा संबंध त्यांनी जंतांशी लावला आणि जंत काढले तर एड्स व क्षयाचं चित्र बदलेल का, असा प्रश्न जाहीरपणे विचारला. पुढे इथिओपियातल्याच गोंदर शहरातल्या २००६ च्या अभ्यासात थुंकीत क्षयाचा जीवाणू सापडलेल्या रुग्णांपैकी ७१ टक्क्यांना जंत निघाले, तर त्यांच्याच घरातल्या निरोगी माणसांपैकी ३६ टक्क्यांना.

एवढ्या लांब जायचं नसेल तर चेन्नईला चला. तिथल्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेत सुभाष बाबू आणि अमेरिकेचे थॉमस नटमन यांच्या गटाने सुप्त क्षय असलेल्या माणसांचं रक्त घेऊन त्यात क्षयाच्या जीवाणूची प्रथिनं मिसळली. ज्यांच्या अंगात सोबत हत्तीरोगाचे जंत, हूकवर्म किंवा स्ट्राँगिलॉइडिस होते, त्यांचा टीएच-१ आणि त्याच्या जोडीची टीएच-१७ ही फळी, दोन्हींचा प्रतिसाद मंदावलेला निघाला. जंतांवर उपचार करून काही महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा तो काही प्रमाणात सावरलेला होता. म्हणजे हा आपल्याच देशातला, आपल्याच सरकारच्या संस्थेतला पुरावा आहे.

आता याच्या विरुद्ध बाजूचंही सांगते, नाहीतर एखादा हुशार अधिकारी तेच पुढे करून फाइल बंद करील. गोंदरलाच जंत असलेल्या क्षयाच्या रुग्णांना अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध विरुद्ध नकली गोळी अशी रीतसर चाचणी झाली. २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष आले. अल्बेंडाझोल घेतलेल्यांचे इओसिनोफिल उतरले, पण दोन महिन्यांनंतर क्षयाची लक्षणं नकली गोळीवाल्यांपेक्षा जास्त सुधारली असं काही दिसलं नाही. काही अभ्यासांत जंत आणि क्षय यांचा संबंधच सापडलेला नाही. जंतांमुळे दाह कमी राहून फुप्फुसाची नासाडी कमी होत असावी, असंही काही संशोधकांना वाटतं. कुठला जंत, किती, किती वर्षांपासून, यावर बरंच अवलंबून आहे.

त्यामुळे जंताच्या गोळीने क्षय बरा होतो असा माझा दावा नाही. कोणी तसं सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. माझं म्हणणं फार छोटं आहे. हूकवर्म असलेल्या माणसावर हूकवर्मचा उपचार करायला क्षयाचं निमित्त लागत नाही. तो उपचार त्याला तसाही मिळायला हवा, काही रुपयांत होतो, आणि प्रतिकारशक्तीच्या बाबतीत तो उपयोगी पडण्याची शक्यता बरीच आहे. मग तो मिळत का नाही? तर यादीत नाही म्हणून.

या यादीपासूनच माझ्या तक्रारी सुरू होतात.

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून साजरा होतो. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत आणि शाळेत एक ते एकोणीस वर्षांपर्यंतच्या मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात, दोन वर्षांखालच्यांना अर्धी. उपक्रम चांगला आहे, त्याबद्दल विभागाचं कौतुकच करते. पण एकोणीस वर्षं पूर्ण झाली की जंत आपोआप माणसाला सोडून जातात का? ॲनिमिया मुक्त भारतच्या कागदावर प्रौढ बायकांचाही समावेश आहे, गरोदर बाईला दुसऱ्या तिमाहीत गोळी आहे. गावात ती किती जणींना मिळते, हे आशाताईंना विचारा. पुरुष तर यातल्या कुठल्याच यादीत नाही. आणि क्षय होतो तो पुरुषांनाच जास्त.

आमच्या भागातल्या एका घराचं उदाहरण देते. बाप क्षयाच्या उपचारावर, वजन अडतीस किलो. त्याच आठवड्यात जंतनाशक दिन होता. शाळेतून पोरं गोळी खाऊन आली, बोटावर शाईची खूण दाखवत. क्षयाचे पर्यवेक्षक त्याच घरी भेट देऊन गेले, गोळ्यांची पाकिटं मोजून गेले. त्या माणसाच्या मलाची डबी मी स्वतःहून मागवली होती. सलाइनमधल्या स्लाइडवर हूकवर्मची अंडी दिसली. पातळ, पारदर्शक कवच, आत चार पेशींचा गोळा आणि भोवती मोकळी जागा. एकदा नजर बसली की चुकत नाहीत. हिमोग्लोबिन सात. गोळी मिळावी म्हणून त्याच्या बायकोने बाह्यरुग्ण विभागात वेगळा केसपेपर काढला, तेव्हा कुठे काम झालं. एकाच घरात, एकाच आठवड्यात सरकारची दोन माणसं येऊन गेली, पण त्याच्या पोटातले जंत दोघांच्याही रजिस्टरात बसत नव्हते.

दुसरी गोष्ट हत्तीरोगाची. विदर्भातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत सामुदायिक औषधोपचार मोहीम होते. नागपूर जिल्ह्यात तर तीन औषधांची, म्हणजे आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल. तिथे प्रौढांनाही गोळ्या मिळतात. पण गरोदर बाया, दोन वर्षांखालची मुलं आणि गंभीर आजारी माणसं यांना वगळायचं असतं. क्षयाच्या गोळ्या चालू असलेला माणूस समोर आला की घरोघर फिरणारी कार्यकर्ती त्याला "आजारी" या रकान्यात टाकून पुढे जाते. तिची चूक नाही. काही झालं तर लोक तिलाच धरतील. पण दोन महिने औषध घेऊन उभा राहिलेला, कामावर जाणारा रुग्ण गंभीर आजारी असतो का, आणि वगळलेल्याला नंतर तपासून औषध कोण देणार, याचं स्पष्ट उत्तर तिच्या हातातल्या कागदावर असायला हवं.

तिसरी तक्रार पैशांची. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला आहारासाठी २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. झारखंडमध्ये अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या गटाने केलेल्या रेशन्स चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. रुग्णाच्या घरातल्या माणसांना पुरेसं अन्न दिलं तर त्यांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. पोषण हेच क्षयावरचं मोठं हत्यार आहे हे त्यातून पक्कं झालं. मग त्या पोषणाला लागलेली गळती बंद करायला नको? हूकवर्मच्या मोठ्या जातीचा एक किडा दिवसाला सुमारे ०.२ मिलिलीटरपर्यंत रक्त पितो. पोटात असे शंभर किडे असतील तर दिवसाला चार चमचे रक्त गेलं. हजार रुपयांची डाळ-अंडी घरात येतात आणि रक्त आतड्यातून जातं. आधीच भूक मेलेल्या माणसाला आपण "चांगलं खा" म्हणून सांगतो आणि घरी पाठवतो.

चौथी बीसीजी या क्षयाविरुद्धच्या लसीची. २०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत प्रौढांना बीसीजी देण्याचा उपक्रम सुरू झाला. साठीच्या पुढचे लोक, पूर्वी क्षय होऊन गेलेले, रुग्णाच्या घरातले, मधुमेही, धूम्रपान करणारे आणि फार कमी वजनाचे, असे त्याचे गट होते. या देशात १९६८ ला सुरू झालेल्या चेंगलपट्टूच्या प्रचंड मोठ्या चाचणीत बीसीजीने प्रौढांचं फुप्फुसाच्या क्षयापासून रक्षण केलं नाही. त्याची कारणं शोधताना मातीपाण्यातल्या इतर मायकोबॅक्टेरियांचं, म्हणजे क्षयाच्या जीवाणूच्या भाईबंदांचं, नाव सर्वांत आधी घेतलं जातं. जंतांचा भार हेही त्यातलं एक संभाव्य कारण मानलं जातं. इथिओपियात जंत असलेल्या प्रौढांना आधी अल्बेंडाझोल देऊन मग बीसीजी टोचली, तेव्हा नकली गोळी घेतलेल्यांपेक्षा त्यांच्या टी पेशींनी जास्त चांगला प्रतिसाद दिला. एवढं माहीत असताना आपल्याकडे लस टोचण्याआधी साधी मल तपासणी किंवा एक गोळी नियोजनात घ्यायला काय हरकत होती? लस फळली की नाही हे कळायला अनेक वर्षं जाणार. तेव्हा पुन्हा "कारणं शोधू" म्हणत बसायचं का?

निदानाबद्दल दोनच वाक्यं. बांगलादेशातल्या मुलांवरच्या अभ्यासात कुपोषण आणि जंत असले की सुप्त क्षयाच्या रक्ततपासणीचे निकाल धड होय ना नाही असे येतात, असं दिसलं. आणि उलट दिशेने, इओसिनोफिल वाढलेल्या काही रुग्णांचा खोकला-दम क्षयासारखा दिसतो, हे आंध्रातल्या मदनपल्लीच्या क्षय आरोग्यधामातल्या फ्रिमोट-म्योलर आणि बार्टन यांनी १९४० सालीच लिहून ठेवलंय; तो हत्तीरोगाच्या जंतांमुळे होतो, हे पुढे कळलं. तरी आजही इओसिनोफिल न मोजता थुंकी निगेटिव्ह रुग्णाला क्षयाची औषधं सुरू झालेली मी पाहिली आहेत.

शेवटची तक्रार माझ्या घरातली आहे आणि या पत्राचं खरं कारणही तेच. माझा धाकटा भाऊ भातशेती करतो. चिखलणी, लावणी, बेणणी, सगळं अनवाणी. त्याला मेंदूच्या आवरणाचा क्षय झाला. अशा रुग्णाला क्षयाच्या औषधांसोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात, आणि ते बरोबर आहे. त्याने मृत्यू कमी होतात हे व्हिएतनाममधल्या २००४ च्या मोठ्या चाचणीत दिसलेलं आहे. त्याला शुद्ध आली, माणसं ओळखू लागला. तिसऱ्या आठवड्यात पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, खोकला वाढला, पुन्हा ताप आला. क्षयाच्या गोळ्या बाधल्या असतील म्हणून एक-एक औषध बंद करून बघण्याची चर्चा सुरू झाली. एका निवासी डॉक्टर मुलीने त्याआधी मल तपासायला पाठवला, एवढं आमचं नशीब. तिथल्या तंत्रज्ञाने मला आत बोलावून मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. ताज्या नमुन्याचा थेंब, कव्हरस्लिपखाली अळ्या वळवळत होत्या. नमुना शिळा असता तर हूकवर्मची अंडी फुटून निघालेल्या अळ्या म्हणून सोडून दिलं असतं. पण नमुना ताजा होता आणि अळीच्या तोंडाची पोकळी आखूड होती. स्ट्राँगिलॉइडिस.

या जंताचं वैशिष्ट्य असं की तो त्याच माणसाच्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहतो, बाहेर यायची गरजच नाही. लहानपणी पायातून शिरलेला जंत चाळिशीतही आत असू शकतो, काही त्रास न देता. स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती दबली की त्याच्या अळ्या बेसुमार वाढतात, आतड्याची भिंत भेदून फुप्फुसात, मेंदूत, कुठेही जातात आणि जाताना आतड्यातले जीवाणू रक्तात नेतात. याने माणसं दगावतात. स्टिरॉइडमुळे इओसिनोफिलही उतरतात, त्यामुळे रक्ताच्या रिपोर्टवरून शंका येत नाही. भावाला आयव्हरमेक्टिन वेळेत मिळालं, तो वाचला, आज शेतात जातो. पण दाखल करतानाच्या कागदावर दारू, तंबाखू, साखर, रक्तदाब, सगळ्याचे रकाने होते. मातीत अनवाणी काम करता का, एवढा एक रकाना असता तर पहिल्या दिवशीच मल तपासून झाला असता. रुग्णालयाचं नाव घेत नाही, कारण हा रकाना मी कुठेच पाहिलेला नाही.

आता तुमच्याकडून येणारी उत्तरं मला पाठ आहेत. मनुष्यबळ नाही, हे पहिलं. क्षयाचं निदान आता बऱ्याच अंशी सीबीनॅट आणि गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट या, जीवाणूची जनुकं शोधणाऱ्या यंत्रांवर गेलंय. पूर्वी दिवसाला थुंकीच्या ज्या स्लाइड्स बघाव्या लागत, त्या कमी झाल्या. मायक्रोस्कोप टेबलावर आहे, तंत्रज्ञ खुर्चीवर आहे, सलाइन आणि आयोडीन कपाटात आहे. खरी अडचण वेगळीच आहे. मल तपासायला कोणाला आवडत नाही, ना डबी आणणाऱ्याला, ना घेणाऱ्याला. डॉक्टर लिहीत नाहीत, कारण नमुना येणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. आणि नमुना येत नाही, कारण कोणी लिहीत नाही.

दुसरं उत्तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांचं. त्यात नाही, मग आम्ही कसं करणार? तामिळनाडूने २०२२ मध्ये स्वतःहून एक योजना काढली. निदानाच्या वेळीच रुग्णाचं वजन, श्वासाचा वेग, रक्तातला ऑक्सिजन आणि त्याला आधाराशिवाय उभं राहता येतं का, एवढं बघून अत्यवस्थ रुग्ण लगेच दाखल करायचे. त्यासाठी दिल्लीची वाट पाहत ते बसले नाहीत. आपण तर सार्वजनिक आरोग्यात आघाडीवर असल्याचं सांगत असतो.

आणि २०२५ पर्यंत क्षयमुक्तीचं लक्ष्य होतं, ते वर्षही सरलं. देशात २०१५ साली लाखामागे २३७ नवे रुग्ण असल्याचा अंदाज होता, २०२४ साली तो १८७ वर आला. घट आहे, नाकारत नाही. ठरवलेली घट मात्र ८० टक्क्यांची होती. ज्या गोष्टी स्वस्त आहेत, हाताशी आहेत, त्या तरी आता सोडू नयेत.

माझ्या मागण्या अशा :

१. क्षयाचं निदान झालेल्या प्रत्येक प्रौढाची, उपचार सुरू करतानाच, मल तपासणी व्हावी आणि ती एचआयव्ही व साखरेच्या तपासणीशेजारी उपचार पत्रिकेवर नोंदवली जावी. साधी स्लाइड बऱ्याच वेळा जंत चुकवते, म्हणून शक्य तिथे काटो-काट्झ पद्धत (ठरावीक मापाचा मल स्लाइडवर जाड पसरून अंडी मोजण्याची) वापरावी, आणि ती स्लाइड अर्ध्या-एक तासात बघितली जाईल याची काळजी घ्यावी. उशीर झाला की हूकवर्मची अंडी त्यात दिसेनाशी होतात.

२. जंत सापडलेल्याला क्षयाच्याच खिडकीवर औषध मिळावं, नवा केसपेपर नको. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावं : गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत अल्बेंडाझोल नको, फिट येण्याचा पूर्वेतिहास असेल तर मेंदूतल्या फीतकृमीच्या गाठींची शंका आधी दूर करावी. प्राझिक्वान्टेल हे जंतांचं दुसरं औषध लागणार असेल तर क्षयाचं रिफाम्पिसिन त्याचा असर घालवतं, हेही सूचनांत असावं. वाचकांनाही विनंती, हे वाचून दुकानातून स्वतःच्या मनाने गोळी आणून क्षयाच्या रुग्णाला देऊ नका.

३. मेंदूच्या किंवा हृदयाच्या आवरणाच्या क्षयासाठी स्टिरॉइड सुरू करण्याआधी मातीशी अनवाणी संबंधाची विचारपूस आणि स्ट्राँगिलॉइडिसची तपासणी बंधनकारक करावी. काटो-काट्झमध्ये हा जंत दिसत नाही, त्यासाठी ताजा नमुना आणि वेगळी पद्धत लागते. तपासणीची सोय नसेल तिथे कोणाला आधीच आयव्हरमेक्टिन द्यायचं, ते तज्ज्ञांनी ठरवून लेखी द्यावं. स्टिरॉइड मात्र यासाठी अडवून ठेवू नये. या मागणीवर मी कुठलीही तडजोड सुचवत नाही.

४. हत्तीरोग मोहिमेत "गंभीर आजारी" कोणाला म्हणायचं याचा खुलासा करावा. वगळलेल्या क्षयरुग्णांची यादी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जावी आणि त्याने प्रत्येकाबाबत निर्णय घ्यावा.

५. जंतनाशक दिनाला ज्या घरात क्षयाचा रुग्ण आहे, त्या घरातल्या मोठ्या माणसांचीही तपासणी व्हावी. पत्ते आपल्याकडे आहेतच, त्यांच्या घरी प्रतिबंधक उपचारासाठी आपण जातोच.

६. आपला स्वतःचा अभ्यास हवा. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात हत्तीरोग आणि क्षय या दोन्हींच्या रक्ततपासण्यांवर डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्यासारख्यांनी अनेक वर्षं काम केलंय. विदर्भात दोन्ही आजार आहेत, कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर भातशेती आहे. राज्याने पैसे द्यावेत आणि जंतांवर उपचार केल्याने आपल्या क्षयरुग्णांचं वजन, हिमोग्लोबिन आणि प्रतिकारशक्ती यांत काय फरक पडतो, हे रीतसर चाचणी करून बघावं. निष्कर्ष माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध आला तरी चालेल. मात्र तो जाहीर करावा.

संडास आणि चपला यांच्याबद्दल मुद्दाम काही लिहिलेलं नाही. ते महत्त्वाचं नाही म्हणून नव्हे. लावणी करणाऱ्याला "चिखलात बूट घाला" असं सांगणारे फलक आपण बरेच लावलेत, आणि गुडघाभर चिखलात बूट घालून लावणी करून दाखवणारा माणूस अजून मला भेटलेला नाही.

पुढच्या जंतनाशक दिनाचं परिपत्रक निघेल, त्यात निदान पाचव्या मागणीचा समावेश व्हावा. पहिल्या तीन मागण्यांसाठी राज्याच्या क्षयरोग विभागाचं एक पत्र पुरेसं आहे, नवा निधी फारसा लागत नाही. या पत्राचं उत्तर मला टपालाने पाठवू नका. जिल्हा क्षयरोग केंद्रांना आणि ग्रामीण रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना पाठवा. तिथल्या तंत्रज्ञांना ते माझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

कळावे,

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ